लॅपटॉपवर चालणाऱ्या पुट, पॅच आणि डिलीट रिक्वेस्ट सर्व्हरवर का अडतात : वारंवार येणाऱ्या ४०५ आणि ४०३ चे निवारण

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या, मार्केट यार्डातील गूळ व्यापारी आणि गावोगावच्या दूध संस्था यांच्यासाठी कोल्हापुरात जी वेब ॲप्लिकेशन्स तयार होतात, त्यांच्याबाबत एक तक्रार ठरावीक काळाने परत येते. नोंद वाचता येते, नवी नोंद भरताही येते. परंतु सकाळच्या संकलनातील चुकलेले फॅट दुरुस्त करायला किंवा चुकून दोनदा चढलेला गुळाचा सौदा रद्द करायला गेले की पडद्यावर ४०५, ४०३ किंवा नुसता ‘नेटवर्क एरर’ येतो. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर मात्र तेच ॲप्लिकेशन बिनतक्रार चालत असते.

तक्रारीचा हा नमुनाच निदानाची दिशा सांगतो. वाचण्यासाठी गेट आणि भरण्यासाठी पोस्ट या दोन मेथड (रिक्वेस्टने कोणते काम करायचे ते सांगणारे शब्द) प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक प्रॉक्सी आणि प्रत्येक फायरवॉल बहुधा मुकाट्याने पुढे सोडते. दुरुस्तीसाठी लागणाऱ्या पुट आणि पॅच, रद्द करण्यासाठी लागणारी डिलीट आणि ब्राउझर स्वतःहून पाठवत असलेली ऑप्शन्स यांच्याबाबत मात्र वाटेतल्या प्रत्येक थराचे आपले स्वतंत्र नियम असतात. लॅपटॉपवर हे थरच नसल्यामुळे तिथे दोष दिसत नाही. यावर सर्रास केले जाणारे दोन उपाय म्हणजे सगळ्या राउट (पत्ता आणि मेथड कोडशी जोडणाऱ्या नोंदी) पोस्टवर आणणे किंवा फायरवॉल संपूर्ण बंद करणे. दोन्हींमुळे तक्रार त्या दिवसापुरती मिटते, आणि होस्टिंग बदलले किंवा नवे डोमेन जोडले की पुन्हा उभी राहते, कारण रिक्वेस्ट नेमकी कोणी नाकारली हे कोणी पाहिलेलेच नसते. माझ्या मते या दुखण्यात कोडला हात लावण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा एकच आहे.

उत्तर कोणी दिले

जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या प्रमाणदस्तऐवजात स्टेटस कोडचे अर्थ स्पष्ट आहेत. सर्व्हरला मेथड माहीत आहे पण मागितलेल्या पत्त्यावर ती चालत नाही, तेव्हा ४०५ द्यायचा आणि सोबत ‘अलाउ’ हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) चालणाऱ्या मेथडची यादी द्यायची, असे बंधन आहे. मेथड मुळातच ओळखीची नसेल तर ५०१. रिक्वेस्ट समजली पण ती पुरी करण्यास नकार आहे, तेव्हा ४०३. व्यवहारात हे काटेकोर पाळले जात नाही. रेल्स या फ्रेमवर्कमध्ये त्या मेथडची राउट नसेल तर ४०४ येतो, विंडोजच्या आयआयएस सर्व्हरवर रिक्वेस्ट फिल्टरिंगने मेथड अडवली तर ४०४.६ नोंदला जातो, आणि ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंट सेवेवर वितरणाच्या मांडणीत ती मेथड निवडलेली नसेल तर ४०३ येतो. म्हणून नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. उत्तराचे सगळे हेडर आणि मजकूर पाहावा.

आपले ॲप्लिकेशन चुका जेसनमध्ये देत असेल आणि हाती आलेले उत्तर साध्या एचटीएमएल पानाचे असेल, तर ती रिक्वेस्ट ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचलीच नाही असे जवळजवळ निश्चित समजावे. खात्रीसाठी रिक्वेस्टमध्ये स्वतःचे एखादे वेगळे हेडर घालून ते वेब सर्व्हरच्या आणि ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शोधावे. ज्या लॉगमध्ये ते शेवटचे सापडते, त्याच थरात किंवा त्याच्या लगेच पुढच्या थरात अडथळा आहे. स्वतःचा सर्व्हर असेल तर याहून सोपी वाट उपलब्ध आहे : त्याच मशीनवर लॉगिन करून कर्ल या कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने आधी ॲप्लिकेशनच्या मूळ पोर्टवर, मग एन्जिनेक्स किंवा अपाचे या वेब सर्व्हरच्या पोर्टवर आणि शेवटी बाहेरून डोमेनच्या नावाने तीच पुट रिक्वेस्ट पाठवावी. उत्तर जिथे बदलते, तिथेच शोध थांबतो.

कर्लविषयी दोन सूचना आवश्यक आहेत. कॅपिटल एक्सच्या पर्यायाने मेथडचे नाव बदलते, कर्लचे बाकीचे वागणे बदलत नाही. त्यामुळे या पर्यायाने हेड पाठवली तर कर्ल न येणाऱ्या मजकुराची वाट पाहत थांबू शकते, आणि सर्व्हरच लटकला असा गैरसमज होतो. हेडसाठी कॅपिटल आयचा पर्याय वापरावा. शिवाय कॅपिटल एल देऊन रिडायरेक्टच्या मागे जायला सांगितले, तर कॅपिटल एक्सने दिलेली मेथड पुढच्या रिक्वेस्टलाही चिकटून राहते, ब्राउझर मात्र तसे करतोच असे नाही. त्यामुळे पहिल्या चाचणीत रिडायरेक्टच्या मागे जाऊ नये, आलेले पहिले उत्तरच वाचावे.

शेअर्ड होस्टिंगवरील ४०३

आपल्याकडील लहान ग्राहकांची ॲप्लिकेशन्स बहुधा शेअर्ड होस्टिंगवर असतात आणि तिथल्या ४०३ मागे अनेकदा मॉडसिक्युरिटी ही ॲप्लिकेशन फायरवॉल असते. तिच्यासोबत वापरल्या जाणाऱ्या ओवास्प या सुरक्षा संस्थेच्या कोअर रूल सेट या नियमसंचात परवानगी असलेल्या मेथडची मूळ यादी गेट, हेड, पोस्ट आणि ऑप्शन्स एवढीच आहे. यादीबाहेरची मेथड आली की ९१११०० क्रमांकाचा नियम तिला धोरणात न बसणारी म्हणून नोंदवतो आणि प्रचलित मांडणीत रिक्वेस्ट ४०३ ने परत जाते. याला बिघाड म्हणता येणार नाही, कारण फायरवॉल तिला सांगितलेले काम चोख करत असते.

योग्य उपाय म्हणजे त्याच संचाच्या मांडणीच्या फाइलमध्ये परवानगीच्या यादीत आपल्याला खरोखर लागणाऱ्या मेथड तेवढ्या वाढवणे. सीपॅनेलमध्ये डोमेनपुरती मॉडसिक्युरिटी बंद करण्याचे बटण सहज हाती येते, पण ते दाबले की एसक्यूएल इंजेक्शनपासून सगळ्याच नियमांचे संरक्षण निघून जाते. एका मेथडसाठी एवढी किंमत मोजणे मला पटत नाही. ज्या दूध संस्थेच्या खात्यांत शेकडो सभासदांचे दुधाचे बिल आहे, तिच्याबाबत तर ते करूच नये.

अपाचेवर अडथळा एचटीअॅक्सेस फाइलमधील ‘लिमिट’ किंवा ‘लिमिटएक्सेप्ट’ या, मेथडची नावे घेऊन बंधन घालणाऱ्या विभागांतूनही येतो, आणि तो अनेकदा जुन्या प्रोजेक्टमधून नकलून आलेला असतो. एन्जिनेक्समध्ये ‘लिमिट एक्सेप्ट’ हा निर्देश तपासावा. तसेच लोकेशनची मांडणी चुकून रिक्वेस्ट ॲप्लिकेशनकडे न जाता स्थिर फाइल देणाऱ्या विभागात गेली, तर एन्जिनेक्स पोस्टलाही ४०५ देते. आयआयएसवर मात्र संशयित ठरलेलाच असतो : तिथे वेबडॅव्ह मॉड्यूल बसवलेले असेल तर ते पुट आणि डिलीट स्वतःकडे ओढून घेते आणि ४०५ देते. वेब कॉन्फिगच्या फाइलमध्ये आपल्या ॲप्लिकेशनपुरते हे मॉड्यूल आणि त्याचा हँडलर काढला की प्रश्न सुटतो.

कर्लने चालते, ब्राउझरमध्ये नाही

हा प्रकार स्वतंत्रपणे ओळखावा, कारण इथे सर्व्हरचे थर तपासण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. पडद्याची बाजू एका डोमेनवर आणि एपीआय दुसऱ्या डोमेनवर असेल, तर पुट, पॅच किंवा डिलीट पाठवण्यापूर्वी ब्राउझर त्याच पत्त्यावर ऑप्शन्स मेथडची चौकशीची रिक्वेस्ट पाठवतो. तिला प्रीफ्लाइट म्हणतात. या रिक्वेस्टसोबत कुकी किंवा लॉगिनचे टोकन जात नाही. म्हणून ज्या ॲप्लिकेशनमध्ये ओळख तपासणारे मिडलवेअर (रिक्वेस्ट मूळ कोडपर्यंत जाण्याआधी चालणारा भाग) सगळ्यांच्या आधी लावलेले असते, ते प्रीफ्लाइटलाच ४०१ (ओळख पटलेली नाही) देते आणि ब्राउझर खरी रिक्वेस्ट पाठवतच नाही. कर्ल आणि पोस्टमन प्रीफ्लाइट करत नाहीत, म्हणून तिथे सगळे ठीक दिसते.

प्रीफ्लाइटचे उत्तर २०० ते २९९ या टप्प्यात असले पाहिजे, त्यात परवानगी दिलेल्या मेथडचे हेडर असले पाहिजे आणि त्याला रिडायरेक्ट चालत नाही. कॉर्सचे (दुसऱ्या डोमेनवरून येणाऱ्या रिक्वेस्टना परवानगी देणारे) मिडलवेअर ओळख तपासणाऱ्या मिडलवेअरच्या आधी ठेवणे हा उपाय आहे. दुरुस्ती केल्यावरही जुनीच चूक दिसत राहिली, तर ब्राउझरने प्रीफ्लाइटचे उत्तर साठवून ठेवले आहे का ते पाहावे. सर्व्हरने सांगितली असेल तर ही मुदत क्रोमियममध्ये कमाल ७२०० सेकंद आणि फायरफॉक्समध्ये ८६४०० सेकंदांपर्यंत असू शकते, म्हणजे फायरफॉक्समध्ये चाचणी करणाऱ्याला अख्खा दिवस चुकीचे चित्र दिसू शकते.

ब्राउझरमधील आणखी एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. मेथडच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा भेद असतो. जावास्क्रिप्टच्या फेचला आपण स्मॉल अक्षरांत गेट, पोस्ट, पुट, डिलीट, हेड किंवा ऑप्शन्स लिहून दिले तर तो ते स्वतः कॅपिटल करून पाठवतो. पॅच मात्र या यादीत नाही. स्मॉल अक्षरांत लिहिलेली पॅच तशीच सर्व्हरकडे जाते आणि तिथे ती अनोळखी मेथड ठरते. पुट चालते आणि पॅचच अडते, अशी तक्रार आली तर सर्वांत आधी कोडमधील हे अक्षर पाहावे.

एचटीएमएल फॉर्मलाही पुट आणि डिलीट कळत नाहीत. फॉर्मच्या मेथडमध्ये त्या लिहिल्या तर ब्राउझर गुपचूप गेट पाठवतो आणि भरलेली माहिती पत्त्यात दिसू लागते. म्हणूनच लारावेल आणि रेल्स पोस्टच्या आत एका लपवलेल्या फील्डमधून खरी मेथड पाठवतात. स्प्रिंग बूटमध्ये हेच काम करणारा फिल्टर २.२ या आवृत्तीपासून आपोआप चालू नसतो, त्यामुळे जुने ॲप्लिकेशन वरच्या आवृत्तीवर नेल्यावर फॉर्ममधून होणारी दुरुस्ती अचानक ४०५ देऊ लागते.

वाटेत बदलणारी मेथड

लॉगमध्ये पोस्टऐवजी गेट दिसत असेल तर वाटेत रिडायरेक्ट झाला आहे. ३०१ आणि ३०२ मिळाल्यावर ब्राउझर पोस्टची गेट करतो. ३०३ मिळाल्यावर पुट आणि डिलीटचीही गेट होते. मेथड जशीच्या तशी ठेवायची असेल तर ३०७ किंवा ३०८ द्यावा लागतो. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत ३०२ आला की पुटचीसुद्धा गेट होते, म्हणजे ब्राउझरमध्ये सापडलेला दोष चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये वेगळा दिसू शकतो. प्रमाणपत्र बसवून सगळी वाहतूक एचटीटीपीएसवर वळवल्यानंतर जुन्या मोबाइल ॲपमधून नोंदी होणे थांबते, त्याचे कारण बहुतेक हेच असते, कारण ॲपमध्ये जुनाच पत्ता लिहिलेला असतो. जँगोमध्ये पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ विसरली तरी ३०१ मिळतो. डीबग चालू असताना जँगो अशा पोस्ट, पुट आणि पॅचला ढळढळीत चूक दाखवते, प्रत्यक्ष सर्व्हरवर डीबग बंद असल्याने ती दिसत नाही.

पीएचपीमधील एक दोष मेथड अडवत नाही, पण तक्रार तशीच वाटते. कास्टिंगचा फोटो जोडून चलन दुरुस्त करण्यासाठी पुट रिक्वेस्ट मल्टिपार्ट स्वरूपात (फाइल आणि फील्ड एकत्र पाठवण्याच्या पद्धतीने) पाठवली तर पीएचपी तिच्यातील फील्ड आणि फाइल आपोआप उलगडत नाही. हे काम ती फक्त पोस्टसाठी करते. ॲप्लिकेशनला सगळी फील्ड रिकामी दिसतात आणि उत्तर ४२२ (माहिती पडताळणीत नापास) येते. पीएचपी ८.४ मध्ये यासाठी स्वतंत्र फंक्शन आले आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत पोस्टमध्ये लपवलेली मेथड हाच व्यवहार्य मार्ग आहे. लारावेलमध्ये नवी राउट लिहूनही सर्व्हर ४०५ देत असेल, तर जुनी राउट कॅश पुसलेली नाही एवढेच कारण असू शकते.

सगळेच पोस्टवर आणण्याला माझा विरोध आहे, तो मेथडच्या अर्थामुळे. पुट आणि डिलीट कितीही वेळा पाठवल्या तरी अंतिम परिणाम एकदा पाठवल्यासारखाच असावा, असा नियम आहे. पोस्ट आणि पॅचला तो लागू नाही. एन्जिनेक्स १.९.१३ पासून याच नियमावर ठरवते की मागचा सर्व्हर कोसळल्यास कोणती रिक्वेस्ट दुसऱ्या सर्व्हरकडे पुन्हा पाठवायची. पुट ती पुन्हा पाठवू शकते, पोस्ट आणि पॅच मुळात पाठवत नाही. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या संकलन केंद्रावर नेटवर्क मधेच तुटते, तेव्हा दुरुस्ती पुन्हा पाठवणे सुरक्षित आहे की नाही हे मेथडवरून कळणे फार मोलाचे असते. म्हणून प्रत्येक पुटची चाचणी लागोपाठ दोनदा करावी. दुसऱ्या वेळी लिटर वाढले तर ती पुट नावापुरतीच आहे आणि कोडमधील दोष उघड आहे.

जे अडायला हवे ते अडते का

इथपर्यंत हव्या असलेल्या मेथड का अडतात हे पाहिले. परंतु अडथळा दूर करताना सगळ्याच मेथड मोकळ्या सोडल्या जातात आणि खरा धोका तिथून सुरू होतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर नको असलेल्या मेथडची चाचणी झाल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मी मानत नाही.

जेबॉस या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरच्या प्रशासन पानाचे उदाहरण या बाबतीत सर्वांत बोलके आहे. सीव्हीई या सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीतील सीव्हीई-२०१०-०७३८ या नोंदीतील दोष असा होता की लॉगिनची अट फक्त गेट आणि पोस्ट या मेथडची नावे घेऊन लिहिलेली होती. हेडसारखी दुसरी मेथड पाठवली की अट लागूच होत नसे आणि काम मात्र होऊन जात असे. नावे घेऊन बंदी घातली की नाव न घेतलेले सगळे मोकळे राहते. अपाचेच्या ‘लिमिट’ विभागातही हीच चूक होते. २०१९ मध्ये गिटहबवर सापडलेला दोष याच्याच जवळचा होता : परवानगी देण्याच्या पानाचे कोड ‘गेट असेल तर पान दाखवा, अन्यथा परवानगी द्या’ अशा विचाराने लिहिलेले होते, रेल्स हेड रिक्वेस्टही गेटच्याच राउटवर पाठवते, आणि ती ‘अन्यथा’मध्ये जाऊन पडली. आपल्या कोडमध्ये ‘अन्यथा’वर सोडलेली मेथड कुठे कुठे आहे, हे प्रत्येकाने एकदा शोधून पाहावे. जँगोमधील साध्या फंक्शन व्ह्यूमध्ये मेथडचे बंधन आपण घातल्याशिवाय येत नाही, त्यामुळे तिथे हा धोका अधिक आहे.

चाचणीची चांगली रीत म्हणजे अस्तित्वातच नसलेली मेथड पाठवणे. कोल्हापूर हे नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहून मेथड म्हणून पाठवले तरी ते नियमाला धरूनच आहे, कारण मेथडचे नाव नवे असू शकते. नोड ते वाचतानाच ४०० देऊन थांबवते, परंतु एन्जिनेक्स किंवा अपाचेच्या मागची साधी पीएचपी स्क्रिप्ट अशा रिक्वेस्टवरही सरळ चालते. लॉगिन न करता पाठवलेल्या अशा रिक्वेस्टला चलनांची यादी परत मिळाली, तर ओळख तपासण्याची अट मेथडवर टांगलेली आहे हे सिद्ध होते.

ट्रेस ही मेथड आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी परत करते. २००३ मध्ये तिच्या आधारे कुकी चोरण्याचा क्रॉस साइट ट्रेसिंग हा प्रकार मांडला गेला. आजचे ब्राउझर स्क्रिप्टमधून ट्रेस पाठवू देत नाहीत, त्यामुळे तो धोका पुष्कळ ओसरला आहे. तरीही अपाचेत ती मुळात चालू असते आणि ‘लिमिट’ने बंद होत नाही, ‘ट्रेसएनेबल’ हा निर्देशच बंद करावा लागतो. एन्जिनेक्स तिला स्वतःहून ४०५ देते. पुटच्या बाबतीत टॉमकॅट या जावा सर्व्हरची सीव्हीई-२०१७-१२६१५ ही नोंद लक्षात ठेवावी. विंडोजवर ‘रीडओन्ली’चे मूल्य बदलून पुट उघडी केली असेल, तर ७.०.७९ पर्यंतच्या आवृत्त्यांत जेएसपी फाइल चढवून सर्व्हरवर आपले कोड चालवता येत होते. पुट चालत नाही म्हणून टॉमकॅटमध्ये ते मूल्य बदलण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पुट आपल्या सर्व्हलेटने (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा कोडने) हाताळायची असते, फाइल देणाऱ्या मूळ सर्व्हलेटने नव्हे.

ऑप्शन्सच्या उत्तरातील यादीवर विसंबूनही चालत नाही. एन्मॅप या नेटवर्क तपासणीच्या साधनाची एचटीटीपी मेथड्स ही स्क्रिप्ट ती यादी चटकन दाखवते, पण यादी सांगणारा थर आणि प्रत्यक्ष काम करणारा थर वेगळा असू शकतो. प्रत्येक मेथड प्रत्यक्ष पाठवून, आणि तीही लॉगिन नसलेला, साधा सभासद आणि संस्थेचा सचिव अशा तीन भूमिकांतून पाठवूनच खरे चित्र कळते. याच वेळी मेथड ओव्हरराइडचे (पोस्टच्या आत खरी मेथड सांगणारे) हेडर घालून पोस्टही पाठवावी. फायरवॉलला पोस्ट दिसते, ॲप्लिकेशन तिला डिलीट समजते, आणि फायरवॉलवर डिलीट बंद असल्याचा भरवसा फोल ठरतो. अधिकाराची तपासणी म्हणूनच ॲप्लिकेशनच्या आत, ओव्हरराइड झाल्यानंतरच्या मेथडवर झाली पाहिजे.

या चाचण्या प्रत्यक्ष नोंदींवर करू नयेत. डिलीट ही चाचणी म्हणून पाठवली तरी खरीच असते. चाचणीसाठी वेगळा डेटाबेस किंवा निदान वेगळी नोंद तयार करावी आणि ग्राहकाची लेखी परवानगी घ्यावी. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ च्या कक्षेत येते, आणि सर्व्हर शेअर्ड असेल तर शेजारच्या खात्यांचाही प्रश्न असतो.

होस्टिंग कंपनीकडे तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ असे न लिहिता रिक्वेस्टची अचूक वेळ, आपला आयपी पत्ता, पूर्ण पत्ता, मेथड आणि मिळालेले हेडर द्यावेत, आणि मॉडसिक्युरिटीच्या लॉगमध्ये कोणता नियम लागला ते विचारावे. नियमाचा क्रमांक मिळाला की फक्त आपल्या एपीआयच्या मार्गापुरती सूट मागता येते. सूट मिळालीच नाही, तर पोस्टमध्ये ओव्हरराइड वापरण्यास हरकत नाही. मात्र तसे केल्याची नोंद प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये कारणासह लिहावी आणि मेथड व भूमिका यांच्या सगळ्या जोड्या तपासणारी स्क्रिप्ट प्रत्येक डिप्लॉयनंतर बाहेरून, डोमेनच्या नावाने चालवावी.